साकेच्या बाटलीवरचं पदक: कुठलं, कशातलं, कधीचं

तुमचा प्रश्न मी असा समजले. पुण्यात तुमचं छोटं जपानी रेस्टॉरंट आहे: रामेन (रश्शातल्या नूडल्स), काराआगे (तळलेलं चिकन), ग्योझा (मोमोसारखे डंपलिंग), थोडी सुशी. डिस्ट्रिब्युटरनं साकेच्या, म्हणजे तांदळापासून केलेल्या जपानी मद्याच्या, तीन बाटल्या पुढे ठेवल्या. एकीवर जपानच्या राष्ट्रीय परीक्षणातलं सुवर्ण, दुसरीवर लंडनच्या इंटरनॅशनल वाइन चॅलेंजचं सुवर्ण, तिसरीवर पॅरिसच्या कुरा मास्टरचं प्लॅटिनम. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग बाटलीच्या भावात दुपटीहून जास्त फरक. यातलं मोठं पदक कुठलं आणि त्यापायी जास्त पैसे मोजावेत का, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता असंही विचारलंय की, अशा स्पर्धांचं परीक्षक होता येतं का.

मी लंडनमध्ये जपानी रेस्टॉरंटांसाठी साके निवडते आणि अधूनमधून परीक्षकांच्या टेबलावरही बसते. तिथे बसल्यावर एक गोष्ट पक्की कळते. प्रत्येक स्पर्धा साकेला वेगळा प्रश्न विचारते, आणि पदक हे त्याच प्रश्नाचं उत्तर असतं. त्यामुळे मोठं पदक कुठलं हे ठरवत बसण्याऐवजी कुठल्या स्पर्धेचा प्रश्न तुमच्या टेबलावरच्या प्रश्नाच्या जवळ जातो, ते बघा. बाकी बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे: तुमचं गिऱ्हाईक साके पहिल्यांदा पितंय की सरावलेलं आहे, तुमच्याकडे फ्रिजमध्ये किती जागा आहे, आणि आठवड्याला किती बाटल्या संपतात. हे मला ठाऊक नाही, म्हणून मी विचार कसा करते तेवढं सांगते.

आधी जपानचं. १९०४ मध्ये तिथल्या सरकारनं मद्यनिर्मितीची संशोधन संस्था काढली आणि १९११ पासून त्या त्या हंगामातल्या नव्या साकेचं देशपातळीवर परीक्षण सुरू झालं. ही संस्था आता हिगाशी-हिरोशिमाला आहे. लोकांना चांगली बाटली सुचवावी हा त्या परीक्षणाचा हेतू नव्हता. हेतू होता कारागिरांचा हात सुधारण्याचा. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९४६ चं. नागानो प्रांतातल्या सुवा इथल्या मासुमी या नावानं साके काढणाऱ्या ब्रुअरीनं त्या वर्षी वरच्या जागा पटकावल्या. संशोधकांनी त्या ब्रुअरीतलं यीस्ट वेगळं काढलं, त्याला सात नंबर दिला आणि ते देशभरच्या ब्रुअऱ्यांना मिळू लागलं. आजही ते वापरात आहे. जिंकलेल्याचं गुपित सगळ्यांना वाटून टाकणारी स्पर्धा मी दुसरी पाहिलेली नाही.

एका ब्रुअरीला तिथे एकच नमुना पाठवता येतो. अलीकडच्या वर्षांत साधारण ८०० नमुने येतात, त्यातले निम्मे पहिली चाळणी ओलांडतात, आणि एकूण नमुन्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास सुवर्णाला पोचतात. पहिला-दुसरा असे क्रमांक नसतात. परीक्षणाची पद्धतही गुण देण्यापेक्षा दोष शोधण्याची आहे. गुणपत्रिकेवर १ हा आकडा सर्वांत चांगला, आणि आकडा चढला की साके उतरली. परंपरेनं यासाठी निळी दोन वर्तुळं असलेला पांढरा चिनी मातीचा प्याला वापरतात. निळ्यापांढऱ्याच्या सीमेवर साकेचा गढूळपणा लगेच दिसतो. नमुने थंडगारही देत नाहीत, कारण थंडीत दोष दडतात. सफरचंद-अननसाचा वास देणारा एथिल कॅप्रोएट नावाचा घटक ज्या साकेत जास्त असतो, तिच्यामागून आलेली शांत साके फिकी वाटते. म्हणून प्रयोगशाळेत हे प्रमाण मोजून नमुने त्या क्रमानं लावायची पद्धतही तिथे रुजली. इतकी काळजी युरोपात कुणी घेत नाही.

मग घोळ कुठे आहे? घोळ असा की, या परीक्षणासाठी साके मुद्दाम वेगळी गाळली जाते. एके काळी जिंकण्याचं सूत्रच ठरलं होतं, त्याला वायके-३५ म्हणत. म्हणजे यामादा निशिकी तांदूळ, कुमामोतोचं यीस्ट आणि तांदूळ घासून घासून उरलेला ३५ टक्के गाभा. आंबलेला रांधा यंत्रानं न पिळता कापडी पिशव्यांत भरून टांगतात, आणि आपोआप ठिबकणारा रस १८ लिटरच्या काचेच्या बुधल्यांत धरतात. त्या बुधल्यांतला सगळ्यात चांगला निवडून तो परीक्षणाला जातो. प्रदर्शनात मांडलेला हापूस आणि त्याच बागेतून बाजारात आलेली पेटी यांत जे अंतर असतं, तेच इथे. बाग चांगली आहे हे खरंच, पण पेटी वेगळी. काही ब्रुअऱ्या तोच परीक्षणाचा साठा 'सुवर्णपदक विजेती' म्हणून वेगळ्या बाटलीत विकतात. तो थोडा असतो आणि महागही. पुष्कळदा मात्र पदकाचा उल्लेख ब्रुअरीच्या कर्तबगारीचा असतो, हातातल्या बाटलीचा नव्हे. यात लबाडी नाही, फक्त तुम्ही विचारून घ्यायला हवं: हीच साके परीक्षणाला गेली होती, की हिची बहीण?

त्या पदकातून एक गोष्ट मात्र मी मनापासून मानते. एखाद्या प्रांताला वर्षानुवर्षं भरघोस सुवर्णं मिळत असतील, तर तिथली साधी, स्वस्त बाटलीही सहसा स्वच्छ निघते. फुकुशिमाचं बघा. १९९२ पासून तिथे साके करणाऱ्यांसाठी प्रांताच्या कारागिरांची शाळा चालते, प्रांताचं स्वतःचं यीस्ट आहे, ब्रुअऱ्या आपल्या नोंदी एकमेकांना दाखवतात. २०११ च्या त्सुनामी आणि अणु-आपत्तीनंतर जगानं त्या नावाकडे संशयानं पाहिलं, त्याच काळात या प्रांतानं सर्वाधिक सुवर्णांचा मान सलग नऊ वेळा मिळवला. मी फुकुशिमाची अनोळखी जुन्माई (वरून मद्यार्क न घातलेली साके) बिनधास्त मागवते ती यामुळे.

आता लंडन. इंटरनॅशनल वाइन चॅलेंज १९८४ पासून चालू आहे, त्यात साकेचा विभाग २००७ मध्ये आला. इथे प्रकारवार विभाग आहेत: जुन्माई, जुन्माई गिंजो, जुन्माई दाईगिंजो (या नावांचा अर्थ पुढे सांगते), होंजोझो (थोडं मद्यार्क घातलेली), जुनी मुरवलेली, फेसाळती आणि साधी रोजची फुत्सूशुसुद्धा. बाटल्या झाकलेल्या असतात. पहिल्या फेरीत पदकालायक, उल्लेखनीय आणि बाद अशी वाटणी होते. दुसऱ्या फेरीत गुण देतात: ९५ किंवा जास्त असले की सुवर्ण, ९० ते ९४ रौप्य, ८५ ते ८९ कांस्य. बाद झालेल्या बाटल्या वरिष्ठ परीक्षक पुन्हा चाखतात, म्हणजे दमलेल्या टेबलाच्या हातून चांगली साके निसटू नये. टेबलावर जपानी कारागीर, ब्रिटिश वाइनवाले, कुठल्याशा तिसऱ्याच देशातला आयातदार असे सगळे असतात आणि वाद होतात. मला हा वाद आवडतो. सुवर्ण मिळवणाऱ्यांपैकी काहींना पुढे ट्रॉफी आणि त्यातून एकीला 'चॅम्पियन साके'.

या स्पर्धेत मला भावलेली गोष्ट म्हणजे सगळ्यात जास्त घासलेला तांदूळ इथे आपोआप जिंकत नाही. २०१६ ची चॅम्पियन यामागाता प्रांतातल्या देवाझाकुराची 'देवानोसातो' ही जुन्माई होती. २०१७ ची इवाते प्रांतातल्या नानबू बिजिनची तोकुबेत्सू, म्हणजे 'विशेष', जुन्माई. दोन्ही दागिन्यासारख्या पेटीत येणाऱ्या बाटल्या नाहीत, जेवणासोबत पिण्याच्या आहेत. चॅम्पियनपदानं काय होतं तेही सांगते. २०११ ला सागा प्रांतातल्या काशिमा गावच्या नाबेशिमा दाईगिंजोला हा मान मिळाला. एरवी त्या गावाची वाट वाकडी करून कुणी जात नसे. लगोलग तिथल्या ब्रुअऱ्यांनी मिळून साके-पर्यटन सुरू केलं, आणि आता वसंताच्या तोंडाशी होणाऱ्या तिथल्या जत्रेला माणसांची झुंबड उडते. अर्थात याचीच दुसरी बाजू अशी की, चॅम्पियन झालेली साके वर्षभर मिळत नाही आणि मिळाली तर चढ्या भावानं. तुम्ही ती मेनूवर ठेवू नका, पुढचा लॉट येईलच असं नाही.

पॅरिसची कुरा मास्टर २०१७ ची, म्हणजे तरुण. परीक्षक बहुतेक फ्रेंच: सोमेलिए (रेस्टॉरंटात वाइन निवडणारे आणि सुचवणारे), रेस्टॉरंटवाले, शेफ. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष झाव्हिए थुइझा हे पॅरिसच्या ओतेल द क्रियों या हॉटेलमधले सोमेलिए. साके वाइनच्या ग्लासात आणि फ्रेंच टेबलावर कशी शोभेल, हा तिथला प्रश्न. त्यामुळे तिथे जरा जास्त आंबटपणा, धान्याचा ठसका, किमोतोसारखी जुन्या पद्धतीची खोल चव यांना दाद मिळते. जपानी परीक्षकाला हेच कधीकधी राकट वाटतं. एक व्यावहारिक इशारा: तिथे प्लॅटिनम वरचं आणि गोल्ड त्याखालचं, रौप्य नाहीच. म्हणजे पॅरिसचं गोल्ड दुसऱ्या पायरीवरचं, हे डिस्ट्रिब्युटर आपणहून सांगणार नाही.

होनोलुलूलाही २००१ पासून अमेरिकेचं राष्ट्रीय साके परीक्षण होतं. त्याची धाटणी जपानसारखी, आणि दाईगिंजोचे दोन गट तांदूळ किती घासला यावरून केलेले. जपानमध्ये २०११ पासून वाइनच्या ग्लासातल्या साकेची वेगळी स्पर्धा आहे, आणि गरम साकेचीसुद्धा आहे. या शेवटच्या स्पर्धेकडे तुम्ही खास लक्ष द्यावं असं मला वाटतं, कारण खाली लिहिते.

परीक्षकांच्या टेबलाबद्दल एक गोष्ट बाहेर फारशी सांगितली जात नाही. आम्ही घोट घेतो, तोंडात फिरवतो, थुंकतो आणि पुढच्या ग्लासाकडे वळतो. सोबत जेवण नसतं. एका साकेला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. अशा वेळी ज्या साकेचा वास ग्लासातून उडी मारून येतो आणि जिचा गोडवा लगेच जिभेला लागतो, तिला फायदा मिळतो. कितीही शिस्त पाळली तरी मिळतो. जी साके तिसऱ्या पेल्याला उलगडते, कोमट केल्यावर फुलते, खारट-तेलकट घासामागून तोंड साफ करते, तिची ती ताकद दाखवायला तिथे जागाच नसते. यामाहाई आणि किमोतो या जुन्या पद्धतींच्या कितीतरी साके कांस्यावर अडकतात त्या यामुळे. मी स्वतः खरेदी करताना जुन्माई विभागातल्या रौप्य-कांस्याच्या याद्या अधिक बारकाईनं वाचते. तिथे कमी भावात खूप माल दडलेला असतो.

विभाग बघायचा म्हणजे काय, तेही सांगते. गिंजोसाठी तांदळाचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग उरवावा लागतो, दाईगिंजोसाठी ५० किंवा त्याहून कमी. नावापुढे जुन्माई असेल तर त्यात तांदूळ, कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ), पाणी एवढंच. नसेल तर वास उठावा म्हणून थोडं मद्यार्क घातलेलं असतं. त्यावरही मर्यादा आहे, म्हणून त्याला भेसळ समजू नका. राष्ट्रीय परीक्षणातल्या पुष्कळ सुवर्ण साके याच जातीच्या असतात. सांगायचं हे की, जुन्माई विभागातलं सुवर्ण आणि जुन्माई दाईगिंजो विभागातलं सुवर्ण या दोन निरनिराळ्या शर्यती आहेत. डिस्ट्रिब्युटरच्या पत्रकावर नुसतं 'गोल्ड' छापलेलं असेल तर विभाग आणि वर्ष दोन्ही मागा.

वर्ष मागा म्हणते कारण साके साधारणपणे ताजी प्यायची गोष्ट आहे, आणि पदक मिळालेली बॅच संपून गेलेली असू शकते. लेबलवर रेइवा ६ असं जपानी कालगणनेतलं वर्ष लिहिलं असेल तर त्यात २०१८ मिळवा, म्हणजे २०२४. बाटलीत भरल्याचा महिना लिहिणं जपानमध्ये २०२३ पासून ऐच्छिक झालंय, म्हणून तो दिसला नाही तर लेखी विचारा. मग प्रवास. न्हावा-शेवाला उतरलेला कंटेनर थंड होता का? भिवंडीच्या गोदामात एप्रिल-मे कसा गेला? उष्णतेनं साकेत मुळ्याच्या जुन्या लोणच्यासारखा एक दर्प येतो. जपानी लोक त्याला हिनेका म्हणतात. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या पारदर्शक बाटलीला निराळाच जळकट वास धरतो. पाश्चरायझेशन न केलेली नामा साके तर सतत थंडच हवी. थंड ठेवण्याची ही साखळी एकदा तुटली की पॅरिसचं प्लॅटिनम काही कामाचं नाही. लंडनच्या सुवर्णाइतकाच माझा भर पुण्यापर्यंतच्या या शेवटच्या दीडशे किलोमीटरवर असतो.

आता तुमच्या तीन बाटल्या. तुम्ही पाठवलेल्या तपशिलावरून राष्ट्रीय सुवर्णवाली दाईगिंजो आहे आणि तीच सगळ्यात महाग. रामेनच्या दाट रश्शासमोर ती हरवेल. सुशीच्या काउंटरसाठी, थंड, छोट्या ग्लासात, एकच बाटली ठेवा आणि ती आठवडाभरात संपणार असेल तरच. लंडनवाली जुन्माई गिंजो ही तुमची ओळख करून देणारी साके होऊ शकते: पहिल्यांदा पिणाऱ्याला वासानंच पटते, फार महाग नाही. पॅरिसची प्लॅटिनमवाली किमोतो जुन्माई मला तुमच्या काराआगे आणि ग्योझाबरोबर सगळ्यात जास्त चालेल असं वाटतं. ती ४५ अंशांच्या आसपास गरम करूनही बघा. पावसाळ्यात पुण्यात गरम साके विकली जाईल याची मला खात्री आहे. म्हणून तर गरम साकेच्या स्पर्धेच्या याद्या वाचा म्हटलं.

पण माझ्यावर विसंबून ऑर्डर देऊ नका. डिस्ट्रिब्युटरकडून प्रत्येकीची एक बाटली मागा, फुकट नसेल तर विकत घ्या. लेबलं कागदात गुंडाळा. तुमच्या स्वयंपाकघरातलीच माणसं बसवा, तुमचेच ग्लास, तुमचंच काराआगे. आधी नुसती चाखा, मग घासाबरोबर. क्रम जवळपास नेहमी बदलतो. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून चौथ्या दिवशी पुन्हा चाखा, कारण तुमच्या गिऱ्हाइकाला चौथ्या दिवसाचीच साके मिळणार आहे. भावातला फरक द्यावा की नाही, ते तिथे ठरेल.

मेनूवर पदक लिहायला हरकत नाही, पण 'पुरस्कारप्राप्त' असं मोघम नको. स्पर्धा, विभाग, वर्ष लिहा, म्हणजे जाणकार गिऱ्हाईकही बोलायला लागतं. बॅच बदलली की ती ओळ काढून टाका.

परीक्षक होण्याबद्दल. होता येतं, आणि त्यासाठी जपानी असावं लागत नाही. डब्ल्यूएसईटी या लंडनच्या वाइन-शिक्षण संस्थेचे साकेचे अभ्यासक्रम आहेत, साके चाखून सुचवणाऱ्यांसाठी जपानची कीकिझाकेशी परीक्षा आहे. त्या देऊन मग मोठ्या स्पर्धांमध्ये सहायक परीक्षक म्हणून अर्ज करता येतो, आणि तिथे वरिष्ठ परीक्षक तुमच्या गुणांची इतरांच्या गुणांशी ताडणी करतात. प्रमाणपत्रापेक्षा कठीण आहे ते म्हणजे दोष ओळखता येणं, आणि ते मुंबई-पुण्यात बसूनही शिकता येतं. एकाच साकेच्या दोन बाटल्या घ्या. एक फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी मे महिन्यात माळ्यावर. जूनमध्ये दोन्ही शेजारी शेजारी उघडा आणि काय वेगळं लागतं ते लिहून काढा. आणि ती माळ्यावरची बाटली गिऱ्हाइकाच्या फ्रिजपासून दूर ठेवा, नाहीतर शनिवारच्या गर्दीत कुणीतरी ती ओतून मोकळा होईल.